थंड व ओल्या हवामानातील नेमबाजीचे हातमोजे

थंड व ओल्या हवामानातील नेमबाजीचे हातमोजे म्हणजे पाऊस, ओला बर्फ, धुके व गार वारा यांपासून हाताचे संरक्षण करणारे आणि त्याच वेळी बंदुकीचा चाप, सेफ्टी, मॅगझिन इत्यादी भाग हाताळता येतील अशा बेताने बनवलेले हातमोजे होत. सैन्यदले, निमलष्करी दले, हिमप्रदेशातील पोलीस आणि उघड्या मैदानावर सराव करणारे क्रीडा नेमबाज यांचा वापर करतात. हिमप्रदेशात चित्रीकरण करणाऱ्या छायाचित्रकारांनाही जवळजवळ याच गुणांचे हातमोजे लागतात.

अशा हातमोज्याकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. ऊब हवी तर थर जाड लागतो आणि चापावरील बोटाला स्पर्शज्ञान हवे तर थर पातळ लागतो. पाणी आत येऊ नये म्हणून आवरण बंद असावे लागते, परंतु तळहाताचा घाम बाहेर जाण्यासाठी ते काही अंशी मोकळेही असावे लागते. त्यामुळे सर्व परिस्थितीत उत्तम ठरेल असा एकच हातमोजा अस्तित्वात नाही. तापमान, ओलावा, कामाचे स्वरूप आणि थंडीत राहण्याचा कालावधी यांचा विचार करूनच निवड करावी लागते. निवड चुकल्यास बोटे बधिर होणे, हिमदंश होणे किंवा चापावर नकळत दाब पडून गोळी सुटणे असे गंभीर परिणाम संभवतात.

पार्श्वभूमी

थंडीमुळे सैनिकांचे हातपाय निकामी होण्याच्या नोंदी जुन्या आहेत. १८१२ साली रशियातून माघार घेणाऱ्या नेपोलियनच्या सैन्यासोबत असलेला शल्यचिकित्सक दोमिनिक ज्यां लारे याने हिमदंशाचे तपशीलवार वर्णन केले. गोठलेला भाग बर्फाने चोळावा, हा त्या काळी रूढ असलेला उपाय पुढे अपायकारक ठरला आणि वैद्यकशास्त्राने तो टाकून दिला.

हातमोजा गमावण्याची किंमत किती मोठी असते, याचे प्रसिद्ध उदाहरण गिर्यारोहणाच्या इतिहासात आढळते. ३ जून १९५० रोजी फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस हर्झोग व लुई लाशनाल यांनी अन्नपूर्णा शिखर सर केले. उतरताना हर्झोग यांचे हातमोजे हातातून निसटून उतारावरून खाली गेले. पुढे हिमदंशामुळे त्यांच्या हातापायांची बहुतेक बोटे कापावी लागली. उंच हिमप्रदेशात हातमोजे दोरीने बाहीला किंवा मनगटाला बांधून ठेवण्याची आणि राखीव जोड जवळ बाळगण्याची शिस्त का पाळली जाते, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

भारतात या विषयाचे महत्त्व १९६२ च्या भारत-चीन युद्धात तीव्रतेने जाणवले. त्या वेळी ईशान्य सीमेवर अनेक तुकड्या सुती गणवेशात व अपुऱ्या हिवाळी साहित्यानिशी पाठवण्यात आल्या होत्या. १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झाले, तेव्हा कुमाऊँ रेजिमेंटच्या ४ थ्या बटालियनचे कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला या खिंडीजवळ उतरली. कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले. लगेचच आलेल्या हिमवादळात ही तुकडी काही दिवस अडकून पडली. तिच्यातील एका जवानाचा मृत्यू झाला व अनेकांना हिमदंश झाला. सियाचीन हिमनदीवर तापमान उणे ५०° सेल्सिअसच्या आसपास उतरू शकते. या भागात शत्रूच्या गोळीपेक्षा हवामान, हिमप्रपात व उंचीचे आजार यांनी अधिक जीव घेतले आहेत.

महाराष्ट्र आणि बुलढाणा जिल्हा

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही. बुलढाणा तालुक्यातील धाड व त्याच्या परिसरातील गावे अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या सान्निध्यात, जालना जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेली आहेत. येथे पौष-माघात पहाटे हुडहुडी भरते आणि काही वर्षी अवकाळी पाऊस व गारपीटही होते. तथापि ही थंडी शाल, स्वेटर व शेकोटी यांनी भागणारी असते. त्यामुळे येथील तरुण सैन्यात किंवा केंद्रीय पोलीस दलात भरती होतो, तेव्हा बर्फात वापरावयाचा हातमोजा तो बहुधा नोकरीच्या काळातच प्रथम हाताळतो.

बुलढाणा जिल्ह्याचा हिमसीमेशी असलेला संबंध ऑक्टोबर २०२३ मध्ये साऱ्या देशाच्या नजरेस आला. जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते यांचा सियाचीन येथे कर्तव्यावर असताना मृत्यू झाला. कर्तव्य बजावताना सियाचीनमध्ये प्राणार्पण करणारे ते पहिले अग्निवीर होते. उष्ण प्रदेशात वाढलेल्या जवानाला थंडीच्या साधनांची ओळख पुस्तकातून नव्हे तर प्रत्यक्ष सरावातून करून द्यावी लागते. गुलमर्ग येथील हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आणि सियाचीन बॅटल स्कूल या लष्करी संस्थांमध्ये बर्फाळ प्रदेशात राहण्याचे व लढण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

थंडीचा हातावर होणारा परिणाम

शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७° सेल्सिअस राखणे हे शरीराचे पहिले काम असते. बाहेर थंडी वाढली की हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उष्ण रक्त छाती व पोटातील अवयवांसाठी राखले जाते. बोटे बारीक व लांबट असल्याने आकारमानाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ मोठे असते. शिवाय त्यांत उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नसतात. बोटे हलवणारे प्रमुख स्नायू अग्रबाहूत असतात. परिणामी शरीरात सर्वप्रथम गार पडणाऱ्या भागांमध्ये बोटांचा समावेश होतो.

बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५° सेल्सिअसच्या खाली गेले की बारीक हालचालींतील कौशल्य झपाट्याने घटते. ते सुमारे ८° सेल्सिअसच्या खाली गेले की स्पर्शज्ञान फार मंदावते. नेमबाजाच्या दृष्टीने ही अवस्था विशेष धोक्याची असते, कारण बोट चापावर आहे की नाही आणि त्याचा दाब किती आहे, हे त्याला नीट कळेनासे होते. गार पडलेल्या बोटांत अधूनमधून रक्तवाहिन्या पुन्हा प्रसरण पावून थोडी ऊब परतते. या प्रतिक्रियेचे वर्णन ब्रिटिश वैद्यक टॉमस लुइस यांनी १९३० मध्ये केले. ही प्रतिक्रिया प्रत्येक व्यक्तीत सारखी नसते.

वाऱ्यामुळे थंडीची तीव्रता वाढते. हवा ५° सेल्सिअस असून वारा ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे ०° इतकी थंडी जाणवते. हवा उणे १०° असल्यास त्याच वाऱ्यात ती सुमारे उणे २०° इतकी भासते. म्हणून हातमोज्याचे बाह्य आवरण वारा अडवणारे असणे हे जाडीइतकेच महत्त्वाचे असते.

तंबाखू व धूम्रपानातील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आणखी आकुंचन पावतात. मद्यामुळे त्वचेला क्षणभर ऊब जाणवत असली तरी शरीराची एकूण उष्णता कमी होते आणि सावधपणाही घटतो. हातमोजा कितीही चांगला असला तरी या दोन सवयींमुळे झालेले नुकसान तो भरून काढू शकत नाही.

ओलाव्याचा परिणाम

हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा हेच त्यातील खरे उष्णतारोधक होय. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते. तंतूंमधील हवेची जागा पाण्याने घेतली की हाताची उष्णता वेगाने बाहेर वाहू लागते. त्याखेरीज पाण्याच्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णताही हातातूनच घेतली जाते. त्यामुळे उणे ५° तापमानातील कोरड्या हाताच्या मानाने ३° तापमानातील भिजलेला हात अधिक लवकर निकामी होऊ शकतो.

गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही हात दीर्घकाळ ओला व गार राहिल्यास मज्जातंतूंना व सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. तिला न गोठता होणारी शीतइजा म्हणतात. पहिल्या महायुद्धातील खंदकांत सैनिकांच्या पायांना झालेला विकार हे तिचे सर्वांत परिचित रूप आहे. या इजेत त्वचा गोठत नसल्याने तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते, परंतु वेदना, बधिरता आणि थंडी सहन न होणे हे त्रास पुढे वर्षानुवर्षे राहू शकतात.

ओलावा बाहेरूनच येतो असे नाही. चढ चढताना, ओझे वाहताना किंवा बर्फ उपसताना तळहाताला घाम सुटतो. नंतर पहाऱ्यावर स्थिर उभे राहिल्यावर तोच घाम हात गारठवतो. म्हणून पाणी पूर्णपणे अडवणारा पण घामही आत कोंडणारा रबरी हातमोजा दीर्घ कामासाठी गैरसोयीचा ठरतो.

रचना व साहित्य

बाह्य आवरण: हे नायलॉन, पॉलिएस्टर किंवा चामड्याचे असते. कापडी आवरणावर पाणी ओघळून जावे म्हणून विशिष्ट लेप दिलेला असतो. हा लेप झिजला की कापड पाणी शोषते. आतील पटल तेव्हाही पाणी अडवत असते, पण ओले आवरण जड व गार होते आणि घामाची वाफ बाहेर जाण्यास अडथळा येतो. तळहातावर बहुधा बकऱ्याचे चामडे किंवा खरखरीत कृत्रिम कापड लावतात, कारण ओली बंदूक हातातून निसटू नये हेही मोज्याचेच काम असते.

जलरोधक पटल: बाह्य आवरण व उबदार थर यांच्यामध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचे पातळ पटल बसवले जाते. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन या नावाने परिचित असलेला पदार्थ वेगाने ताणून सच्छिद्र रूपात मिळवला आणि त्यातून गोर-टेक्स हे पटल तयार झाले. याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान, परंतु बाष्पाच्या रेणूहून मोठी असतात. त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ काही प्रमाणात बाहेर जाते. आतील व बाहेरील दमटपणात फरक असतानाच ही क्रिया नीट चालते. बाहेरची हवा बाष्पाने संपृक्त असल्यास तिचा वेग मंदावतो.

उबदार थर: यासाठी लोकर, कृत्रिम तंतू किंवा पिसे वापरली जातात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही फारशी ओली लागत नाही आणि भिजल्यावरही काही ऊब टिकवते. थिन्सुलेट, प्रायमालॉफ्ट यांसारखे बारीक कृत्रिम तंतू कमी जाडीत अधिक हवा अडकवतात. त्यांपैकी प्रायमालॉफ्ट १९८० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी पिसांना पर्याय म्हणून विकसित करण्यात आले. पिसे कोरड्या थंडीत उत्तम असली तरी भिजल्यावर चिकटून गोळा होतात व निरुपयोगी ठरतात. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि सावकाश वाळते, म्हणून ओल्या थंडीत सुती मोजे टाळले जातात.

निओप्रीन: हे बंद बुडबुड्यांचे कृत्रिम रबर असते. ते भिजल्यावरही ऊब देते, ताणले जाते व हाताला घट्ट बसते. त्यातून घाम बाहेर जात नाही. पाणथळ जागी, नौकेवर किंवा सततच्या पावसात थोड्या वेळाच्या कामासाठी ते उपयुक्त असते.

अस्तर: सर्वांत आतील थर घाम टिपून बाहेरच्या थराकडे नेतो. काही मोज्यांत अस्तर केवळ बोटांच्या टोकाशी सैलसर जोडलेले असते. ओला हात ओढून काढताना असे अस्तर उलटे बाहेर येते आणि थंडीत ते पुन्हा आत बसवणे फार अवघड जाते. खरेदीच्या वेळी हा दोष तपासून पाहणे आवश्यक असते.

प्रकार

पाच बोटांचा मोजा: प्रत्येक बोट स्वतंत्र असल्याने हाताळणी सोपी असते. मात्र प्रत्येक बोटाची उष्णता चारही बाजूंनी बाहेर जाते. बोटासारख्या बारीक गोल भागाभोवती थर जाड करत गेल्यास बाहेरील पृष्ठभागही वाढतो, त्यामुळे एका मर्यादेनंतर जाडी वाढवूनही ऊब फारशी वाढत नाही.

मिटन: यात चार बोटे एकत्र व अंगठा वेगळा असतो. बोटे एकमेकांना ऊब देत असल्याने तीव्र थंडीत हा प्रकार सर्वांत उबदार ठरतो. त्यात चाप ओढता येत नाही.

तीन भागांचा मोजा: यात अंगठा व तर्जनी वेगळ्या आणि उरलेली तीन बोटे एकत्र असतात. दुसऱ्या महायुद्धापासून सैन्यदलांत परिचित असलेली ही रचना ऊब व चापाचा वापर यांत तडजोड साधते.

उघडझाप टोपीचा मोजा: यात तर्जनीचे टोक किंवा चारही बोटांवरील भाग मागे दुमडता येतो. छायाचित्रकारांमध्ये तो लोकप्रिय आहे. दुमडीच्या फटीतून पाणी शिरत असल्याने तो क्वचितच पूर्णतः जलरोधक असतो.

थरांची पद्धत: हातात पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम तंतूंचा मोजा, त्यावर उबदार मोजा आणि सर्वांत वर जलरोधक मिटन अशी ही रचना असते. गोळी झाडण्याच्या किंवा बारीक कामाच्या वेळी वरचे थर काढून दोरीवर लटकते ठेवले जातात. आतला पातळ मोजा हातातच राहिल्याने गोठलेल्या धातूला त्वचेचा थेट स्पर्श होत नाही. तीव्र थंडीत हीच पद्धत सर्वाधिक विश्वसनीय मानली जाते.

चाप व सुरक्षितता

बहुतेक बंदुकांच्या चापाभोवतीची कडी, म्हणजे ट्रिगर गार्ड, उघड्या बोटाच्या मापाची असते. जाड मोजा घातलेली तर्जनी तीत घट्ट बसते व बाहेर काढताना अडकू शकते. मोज्याचे सैल टोक किंवा घडी चापावर दाबली गेल्यास इच्छा नसताना गोळी सुटते. काही रायफलींत यावर यांत्रिक उपाय केलेला असतो. एआर-१५ घराण्यातील मूळ रायफलींचा ट्रिगर गार्ड बिजागरीवर खाली वळवता येतो, तर काही रायफलींना तो मुळातच मोठा दिलेला असतो. वळवलेल्या गार्डमुळे चाप उघडा पडतो, म्हणून ही सोय गरजेपुरतीच वापरावयाची असते.

मोजे घालून नेमबाजी करताना पुढील नियम पाळले जातात :

१. लक्ष्यावर नेम धरून झाडण्याचा निर्णय होईपर्यंत तर्जनी ट्रिगर गार्डच्या बाहेर, बंदुकीच्या बाजूला सरळ ठेवावी.
२. नवीन मोजा प्रथम रिकाम्या बंदुकीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरून पाहावा. सेफ्टी चालू-बंद करणे, मॅगझिन बदलणे, बोल्ट ओढणे या क्रिया न पाहता जमल्या पाहिजेत.
३. तर्जनीच्या टोकाशी मोकळे कापड उरू नये व शिवण चापाच्या स्पर्शाच्या जागी येऊ नये.
४. बोट बधिर झाल्याची जाणीव होताच बोट चापापासून दूर घ्यावे, बंदूक सुरक्षित दिशेला ठेवून सेफ्टी लावावी आणि हात आधी उबदार करावा.

भारतात शस्त्र बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. परदेशी हातमोज्यांच्या जाहिरातींत शिकारीचा उल्लेख सर्रास आढळतो. भारतात मात्र या मोज्यांचा उपयोग मुख्यतः सुरक्षा दले व क्रीडा नेमबाजी यांपुरता मर्यादित आहे.

निवडीचे निकष

माप: अंगठा वगळून तळहाताचा घेर बोटांच्या सांध्यांजवळ मोजतात, तसेच मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी घेतात. युरोपीय मापनपद्धतीत घेर २०३ मिमी व लांबी १८२ मिमी असल्यास माप ८, तर २२९ मिमी व १९२ मिमी असल्यास माप ९ धरले जाते. आत पातळ मोजा घालावयाचा असल्यास माप त्यासह घ्यावे. घट्ट मोजा उबदार वाटला तरी तो रक्तप्रवाह अडवतो आणि अडकलेली हवा दाबून टाकतो, म्हणून तो प्रत्यक्षात अधिक गार ठरतो. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकांवर ताण येऊ नये.

मनगट: हात खाली असताना पाणी बाहीवरून मोज्याकडे वाहते, तेव्हा बाही मोज्यावर असावी. नेम धरताना आधाराचा हात उचललेला असतो व पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळते, तेव्हा मोज्याचा काठ बाहीवर असावा. म्हणून दोन्ही प्रकारे वापरता येणारा, ओढून घट्ट करण्याची दोरी असलेला लांब काठ सोयीचा असतो.

दोन हातांची वेगळी गरज: चापाच्या हाताला स्पर्शज्ञान अधिक लागते. आधाराचा हात बंदुकीच्या गार धातूला धरून दीर्घकाळ स्थिर राहतो, त्यामुळे त्याला ऊब अधिक लागते. दोन हातांत वेगवेगळ्या जाडीचे मोजे घालणे हा सोपा व परिणामकारक उपाय आहे.

जलरोधकतेची घरगुती चाचणी: हातात मोजा घालून काठाच्या खालपर्यंत हात बादलीतील पाण्यात ५ ते १० मिनिटे बुडवावा, अधूनमधून मूठ वळावी आणि नंतर आतील भाग कोरड्या कागदाने टिपून पाहावा. गळती बहुधा बोटांमधील शिवणींतून सुरू होते.

हाताळणीची चाचणी: मोजा घालून सपाट पृष्ठभागावरील नाणे उचलणे, चेन ओढणे आणि दोरीची गाठ सोडवणे या तीन क्रिया करून पाहाव्यात. कोरड्या मोज्याने जमलेल्या क्रिया मोजा भिजवूनही पुन्हा कराव्यात, कारण खरा वापर त्याच अवस्थेत होणार असतो.

हवामानानुसार निवड

१०° ते ०° सेल्सिअस, पाऊस व धुके: जलरोधक पटल असलेला, पातळ उबदार थराचा पाच बोटांचा मोजा पुरेसा होतो. सततच्या पावसात कोणताही मोजा अखेरीस आतून दमट होतो, म्हणून एकच भारी जोड घेण्यापेक्षा दोन मध्यम जोड आळीपाळीने वापरणे हितकर ठरते.

०° ते उणे १०°, ओला बर्फ: हा सर्वांत फसवा टप्पा होय. बर्फ हाताच्या उबेने वितळून मोजा भिजवतो आणि वाऱ्यात तोच मोजा पुन्हा गोठतो. येथे जलरोधक पटल, कृत्रिम तंतूंचा मध्यम थर व तीन भागांची रचना उपयोगी पडते.

उणे १०° च्या खाली, कोरडा बर्फ: या तापमानात द्रवरूप पाणी क्वचित आढळते, त्यामुळे बाहेरील पाण्यापेक्षा आतील घाम हा मोठा शत्रू असतो. वारा अडवणारे मिटन, वेगळा काढता येणारा उबदार थर आणि पातळ आतला मोजा ही थरांची पद्धत येथे आवश्यक ठरते. आतले किमान दोन जादा जोड जवळ असावेत. अतिथंड इंधन हातावर सांडल्यास त्वचा क्षणात गोठू शकते, म्हणून इंधन भरताना इंधन न शोषणारे मोजे वापरतात.

मानके

युरोपात थंडीपासून संरक्षण देणाऱ्या हातमोज्यांसाठी ईएन ५११ हे मानक आहे. त्यात हिमकणाच्या चिन्हाखाली तीन आकडे दिलेले असतात. पहिला हवेतील थंडीला होणारा रोध, दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शाला होणारा रोध व तिसरा जलरोधकता दर्शवतो. पहिले दोन ० ते ४ या श्रेणीत असतात, तर तिसरा ० किंवा १ असतो. आकड्याऐवजी एक्स हे अक्षर असल्यास ती चाचणी केलेली नाही असा अर्थ होतो. तिसरा आकडा ० असलेला मोजा कितीही उबदार असला तरी तो पावसाळी कामासाठी योग्य नसतो.

भारतात संरक्षण संशोधन व विकास संस्थेने अतिथंड प्रदेशासाठी तीन थरांची वस्त्रप्रणाली विकसित केली असून डिसेंबर २०२१ मध्ये तिचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना हस्तांतरित करण्यात आले. ही प्रणाली १५° ते उणे ५०° सेल्सिअस या तापमानासाठी योजलेली आहे. तोपर्यंत अशा साहित्यासाठी मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून राहावे लागत असे.

क्रीडा नेमबाजीतील हातमोजे

क्रीडा नेमबाजीतील रायफल प्रकारांत आधाराच्या हातात जाड मोजा घालतात. बंदुकीच्या पट्ट्याचा व वजनाचा दाब आणि नाडीचे ठोके यांचा परिणाम कमी करणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. ऊब हा दुय्यम हेतू असतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार मोज्याच्या पुढील व मागील बाजूंची एकूण जाडी १२ मिमीपेक्षा अधिक असू नये, मोजा मनगटाच्या उंचवट्यापासून ५० मिमीपेक्षा पुढे जाऊ नये आणि मनगटावर पट्टा अथवा बंद असू नये. म्हणजेच हिमप्रदेशासाठी उत्तम ठरणारा लांब काठाचा मोजा स्पर्धेत मात्र नियमबाह्य ठरतो.

या क्रीडाप्रकाराला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले.

देखभाल

ओले मोजे शेकोटीवर, शेगडीवर किंवा चुलीजवळ वाळवू नयेत. अधिक उष्णतेने चामडे कडक होते, पटल सुटते आणि कृत्रिम तंतू वितळू शकतात. पातळ आतले मोजे अंगावरील कपड्यांच्या आत छातीशी ठेवल्यास अंगच्या उबेने वाळतात. मोजा काढल्यावर तो बर्फावर ठेवू नये. जाकिटाच्या आत ठेवावा. धुताना सौम्य साबण वापरावा, पिळू नये आणि कपडे मऊ करणारे द्रव टाळावेत. बाह्य कापडावर पाण्याचे थेंब न ओघळता जिरू लागले की जलरोधक लेप पुन्हा द्यावा. बंदुकीचे तेल लागलेला मोजा निसरडा होतो, म्हणून शस्त्राच्या साफसफाईसाठी वेगळा जोड ठेवणे योग्य ठरते.

हिमदंशाची लक्षणे व प्रथमोपचार

सुरुवातीला बोट दुखते, नंतर बधिर होते. त्वचा फिकट, मेणासारखी व कडक दिसू लागते. वेदना थांबणे हे बरे होण्याचे लक्षण नसून धोक्याचे लक्षण असते. जोडीदारांनी ठरावीक वेळाने एकमेकांची बोटे, नाक व गाल तपासण्याची पद्धत याच कारणासाठी पाळली जाते.

बोट केवळ गार पडले असल्यास ते काखेत धरून उबदार करता येते. गोठलेला भाग चोळू नये, त्यावर बर्फ लावू नये व तो थेट आगीसमोर धरू नये, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तेव्हाच तो भाग ३७° ते ३९° सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात उबदार करावा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठल्यास हानी अधिक होते. अंगठ्या आधीच काढाव्यात, कारण नंतर सूज येते. रुग्णाला लवकरात लवकर वैद्यकीय मदत मिळणे आवश्यक असते.

मर्यादा

केवळ मोजे चांगले असून हात उबदार राहत नाहीत. डोके, मान व धड गारठले की शरीर हातांचा रक्तपुरवठा कमी करते, म्हणून टोपी व जाकीट हेही हातांच्या संरक्षणाचेच भाग ठरतात. पुरेसे अन्न, पाणी आणि बोटांची हालचाल यांचीही जोड लागते. अतिउंचीवर प्राणवायू विरळ असल्याने हिमदंशाचा धोका वाढतो. अशा ठिकाणी साधनाइतकेच महत्त्व थंडीत राहण्याचा कालावधी मर्यादित ठेवण्याला व पहाऱ्याची पाळी वेळेवर बदलण्याला असते.

हेसुद्धा पाहा

हातमोजा
हिमदंश
सियाचीन हिमनदी
ऑपरेशन मेघदूत
नेमबाजी
बुलढाणा जिल्हा